खान्देशी जेवणाचे फोटो काढायला शिकताना: उजेड, तर्री आणि कामाचे व्यवहार

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता हायवेवरच्या ढाब्यापासून घरून मांडे विकणाऱ्या ताईंपर्यंत सगळ्यांनाच इन्स्टाग्रामसाठी फोटो लागतात. या कामात उतरू पाहणारी मुलं-मुली आधी कॅमेऱ्याचं विचारतात. तो विचार शेवटी करा. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा फोन सुरुवातीला पुरतो. खरी अडचण आपल्या पदार्थांच्या रंगाची आहे. शेवभाजीचा रस्सा काळपट लाल, पाटोडीची भाजी तपकिरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी राखाडी. केकचा फोटो रंगावर निभावून जातो. आपल्या ताटात डोळा खिळतो तो पोतावर: भाकरीच्या भेगा, तर्रीची चमक, भरतातला अर्धवट ठेचलेला शेंगदाणा. हा पोत बाजूने किंवा मागून आलेल्या उजेडातच उठून दिसतो. फोनचा फ्लॅश समोरून पडतो, बारीक सावल्या पुसून टाकतो आणि रस्सा सपाट दिसायला लागतो.

म्हणून आधी खिडकी शोधा. उत्तरेकडची सगळ्यांत चांगली, कारण तिथून थेट ऊन जवळपास येत नाही. टेबल खिडकीपासून एक-दोन फुटांवर ठेवा. पदार्थ घड्याळाच्या मधोमध आहे आणि तुम्ही सहाच्या आकड्यावर उभे आहात असं धरलं, तर उजेड दहा किंवा दोनच्या आकड्याकडून यायला हवा. खिडकीतून कडक ऊन येत असेल तर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं सुती कापड ताणून लावा. उजेडाच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा दीड-दोन फुटी पांढरा तुकडा वीतभर अंतरावर उभा करा, म्हणजे काळी सावली मऊ होते. जवळ सरकवा, लांब न्या, फरक लगेच दिसेल. आणि खोलीतले ट्यूबलाइट, बल्ब सगळे बंद. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकत्र आला की फोन त्यातला एकच रंग सुधारू शकतो. मग अर्धी भाकरी पिवळी आणि अर्धी निळी.

सरावासाठी एकच वाटी रस्सा आणि एकच खिडकी घ्या. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच अशा चार वेळा फोटो काढून शेजारी शेजारी ठेवून बघा. दहा व्हिडिओ बघून जे कळत नाही ते यातून कळतं.

फोनमध्ये ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा आणि 2एक्स, म्हणजे दुप्पट जवळ दाखवणारी लेन्स वापरा. साध्या लेन्सने फार जवळ गेलं की ताटाची पुढची कड फुगलेली दिसते. पदार्थावर बोट दाबून ठेवा, फोकस लॉक होतो. मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढा, साधारण उणे 0.3 ते 0.7. काळपट पदार्थ समोर आला की फोन सगळंच उजळवायला बघतो, त्यात तर्रीची लाली उडते आणि कांद्याच्या फोडी पांढऱ्याफटक होतात. दर पदार्थानंतर सुती कापडाने लेन्स पुसा. स्वयंपाकघरात तेलाचा हात लेन्सला लागतोच आणि फोटो धुरकट येतो.

भरीत हा आपल्याकडचा सगळ्यांत जास्त मागणीचा विषय, आणि सगळ्यांत जास्त फसणाराही. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बामणोदकडची हिरवी, पांढरट झाक असलेली मोठी वांगी हिवाळ्यात बाजारात आली की कामं येतात. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) किंवा तुराट्यांवर (तुरीच्या काड्यांवर) वांगी भाजतानाचा फोटो सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत काढा. दुपारच्या उन्हात जाळ दिसतच नाही आणि पूर्ण अंधारात माणसं दिसत नाहीत. एक्स्पोजर जाळावर लॉक करा.

तयार भरताची गंमत वेगळी. भाजलेलं वांगं पाणी सोडत राहतं. वाढून दहा मिनिटं झाली की ताटलीत कडेने करडं पाणी साचतं आणि फोटोत पदार्थ शिळा वाटतो. फोटोपुरता गर चाळणीत पंधरा-वीस मिनिटं निथळून घ्या आणि मगच बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) मिरची-लसणासोबत ठेचा. वाढताना चमच्याच्या पाठीने थापू नका, सगळा पोत दबतो. दोन चमच्यांनी उचलून ढीग करा, वर थोडा खळगा ठेवा. कांद्याची पात गरम भरतात घातली की दोन मिनिटांत मलूल होते. म्हणून थोडी पात बारीक चिरून गार पाण्यात ठेवा, कापडावर कोरडी करा आणि बटण दाबायच्या आधी शेवटी पेरा. वरून तेल ओतायचं नाही. अर्धा चमचा कोमट तेल ब्रशने तीन-चार ठिकाणीच लावा. सगळीकडे लावलं तर पांढरे चकाकते डाग पडतात आणि ते एडिटिंगमध्ये जात नाहीत.

शेवभाजीत घाई असते. शेव रस्श्यात पडली की पाच मिनिटांच्या आत फुगून मऊ पडते. त्यामुळे फ्रेम, फोकस, उजेड सगळं रिकाम्या वाटीवर आधी ठरवून ठेवा. रस्सा न ढवळता पाच-सात मिनिटं राहू द्या, तर्री वर येते. ती वेगळ्या वाटीत काढून गरम ठेवा. आधी रस्सा, मग जाड शेव, आणि शेवटी चमच्याने कडेकडेने तर्री. वाटी काठोकाठ भरू नका, बोटभर काठ मोकळा असू द्या, नाहीतर उचलून ठेवतानाच तेलाचा ओघळ उतरतो. ओघळ आलाच तर कापसाच्या काडीने टिपा. कापडाने पुसलं तर तेल पसरतं.

रस्श्यात घातलेलं सगळं तळाशी जातं, म्हणून वाटीत खाली छोटी वाटी उपडी ठेवायची पद्धत आहे. इथे एक मर्यादा पाळा. गिऱ्हाइकाला जेवढी शेव मिळते तेवढीच वापरून ती वर दिसावी म्हणून आधार दिला तर ते मांडणीचं काम झालं. जास्त शेव दिसावी म्हणून आधार दिला तर ती फसवणूक. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाटीत काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. तिथल्या व्यापार आयोगापर्यंत ते प्रकरण 1970 च्या सुमारास गेलं. भाजीत नसलेले काजू फोटोत असले, तर पहिली शिवी हॉटेलवाल्याला बसते आणि दुसरं काम तुम्हाला मिळत नाही.

वाफेसाठी पदार्थ कडकडीत गरम, हवा गार, उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद, हे चारही जमायला हवं. डिसेंबरच्या सकाळी ते सहज जमतं, मे महिन्यात नाही. उदबत्तीचा धूर सोडण्याची युक्ती टाळा. धुराचे बारीक धागे निघतात, वाफ तशी कधीच वर जात नाही. उन्हाळ्यात पारा 43-44 वर असतो तेव्हा कोथिंबीर बघता बघता मान टाकते आणि फोन तापून स्क्रीन आपोआप मंद होते. मंद स्क्रीनवर बघून एक्स्पोजर ठरवलं की घरी आल्यावर फोटो भलताच उजळ निघतो. तेव्हा शूट सकाळी दहाच्या आत आटपा.

आता फोटो कुठल्या कोनातून काढायचा ते. ताट, मांडे, बिबडे (ज्वारीचे पापड) यांसारखं सपाट काही असेल तर बरोबर वरून. वाटीतला रस्सा 45 अंशांतून. भाकरीची चवड जवळजवळ समोरून. भाकरी तव्यावरून काढून थेट ताटात ठेवली तर खालून घाम सुटतो, म्हणून आधी कापडावर ठेवा. ती सुरीने कापू नका, हाताने मोडा, तरच पापुद्रा दिसतो. स्टीलचं ताट छत आणि तुमचा शर्ट दोन्ही दाखवतं, त्यामुळे गडद रंगाचे साधे कपडे घाला आणि चमक येते त्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. रावेर-यावलकडे केळीचं पान फुकट मिळतं, पण त्याचा हिरवा रंग पदार्थावर परावर्तित होतो आणि भाकरी आजारी दिसते. पान ताटाखाली ठेवा, पदार्थ ताटात. सोललेलं केळं काळं पडू नये म्हणून वाटीभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून त्यात बुडवून काढा.

खापरावरचे मांडे हा तर व्हिडिओचाच विषय. हातावर फिरणारा मांडा टिपायला शटर 1/500 सेकंदाच्या आसपास लागतं (फोनच्या प्रो मोडमध्ये ते ठरवता येतं), म्हणजे भरपूर उजेड हवा; अंगणात काढा. मागून उजेड आला की मांड्याचा पातळपणा आरपार दिसतो. घरातल्या दिव्यांखाली व्हिडिओ थरथरत असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा; आपली वीज 50 हर्ट्झची आहे, तिच्या लयीशी शटर जुळलं की पट्टे जातात. रीलसाठी 1080 बाय 1920, पोस्टसाठी 1080 बाय 1350. रीलच्या खालच्या भागावर मजकूर आणि बटणं येतात, वाटी तिथे ठेवू नका.

एडिटिंगमध्ये आधी व्हाइट बॅलन्स (उजेडाचा पिवळा-निळा तोल), मग सावल्या, आणि सॅच्युरेशनला (रंगांच्या गडदपणाला) शक्यतो हातच लावू नका. तर्री केशरी झाली की खान्देशी माणूस लगेच ओळखतो.

पैशाचं बोलणं शूटच्या आधी आणि लेखी, व्हॉट्सअॅपवर का होईना. किती पदार्थ, किती फोटो, किती वेळा दुरुस्ती, फोटो फक्त इन्स्टाग्रामवर की फ्लेक्स आणि मेनूकार्डवरही, हे स्पष्ट करा. अर्धी रक्कम आधी घ्या. नवख्याने अर्ध्या दिवसात सात-आठपेक्षा जास्त पदार्थ कबूल करू नयेत. शेवटचे दोन नेहमी गार होतात. तुम्ही स्वतःच्या खात्यावर पैसे, मोफत जेवण किंवा वस्तू घेऊन पोस्ट टाकत असाल, तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या सूचनांप्रमाणे ती जाहिरात असल्याचं ठळक लिहावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवा. साधा फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान होतो, हॉटेलवाला तोच फ्लेक्सवर मोठा करतो आणि सगळं फुटलेलं दिसतं. मूळ फाइली निदान वर्षभर जपून ठेवा; पुढच्या हिवाळ्यात भरताचा तोच फोटो पुन्हा मागितला जातो.