जुन्या पिकअपची फायरवॉल सपाट कशी करावी (आणि खाऱ्या हवेत ती टिकवावी कशी)

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागे जो उभा पत्रा दिसतो, इंजिन आणि केबिनच्या मधला, ती फायरवॉल. महिंद्राच्या जुन्या पिकअपमध्ये या पत्र्याची पार चाळण झालेली असते. कुणी हॉर्नच्या रिलेसाठी भोक पाडलेलं, कुणी टेपच्या वायरसाठी. गाडी हौसेने नव्याने बांधायला घेतली की भोकं बुजवून पत्रा आरशासारखा करायचा मोह होतोच. जरूर करा, फक्त भोकं लांबीने (म्हणजे पुट्टीने) नव्हे, पत्र्यानेच बुजवा. घाटावर चालून जाणारी लपवाछपवी मालवण-रत्नागिरीकडे एका पावसाळ्यात उघडी पडते.

काम दिवाळीनंतर काढा. मिरगाच्या तोंडावर गाडी उघडून बसू नका.

वेल्डिंगला हात लावण्याआधी इंजिन, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, क्लच, स्टिअरिंगचा रॉड, वायपर मोटर हे सगळं एकदा जागेवर बसवून पाहा. लागणाऱ्या भोकाभोवती खडूने गोल करा, बुजवायच्या भोकावर फुली मारा आणि फोटो काढून ठेवा. हा कंटाळवाणा भाग टाळलात तर ताज्या रंगावर पुन्हा ड्रिल चालवायची पाळी येते. काचेखालच्या काउलमधून (पावसाचं पाणी जमा होणाऱ्या पन्हाळीतून) पाणी निघून जायची भोकं मात्र चुकूनही बंद करू नका. आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पाल्याने तुंबलेली असतात आणि निरुपयोगी वाटतात. नंबरची पट्टी फायरवॉलवर असेल तर तिला आणि चासी नंबरला हात लावायचा नाही. भोकं बुजवण्याला कोणी हरकत घेत नाही, पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे इंजिन बदलण्यासारखी कामं आरटीओला विचारूनच करावी लागतात.

आता सगळं पुन्हा उतरवा. बॅटरी काढा, डिझेलची लाइन बंद करा, केबिनच्या बाजूचं फेल्ट आणि वायरिंग दूर करा. वेल्डिंग चालू असताना आत एक माणूस पाण्याची बादली घेऊन बसलेला हवा. घासण्याआधी पत्रा गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. तसाच घासलात तर पत्र्यावर बसलेलं मीठ ग्राइंडरने धातूतच रगडलं जातं.

ठिगळासाठी मूळ पत्र्याइतक्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला साधा) पत्रा घ्या. बहुतेक ठिकाणी १८ किंवा २० गेज जुळतो. छपराचा उरलेला जस्ती पत्रा वापरू नका, वेल्डिंगमध्ये त्याचा धूर बाधतो आणि टाकाही (वेल्डचा ठिपका) सच्छिद्र होतो. बोटभर भोकापर्यंत मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा आणि सीओटू वेल्डिंगने (तार आणि गॅसवर चालणाऱ्या) भरा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही. मोठ्या भोकाला ठिगळ नेमकं कापून, कडेने हॅकसॉच्या पात्याइतकी फट ठेवून बसवा. रॉडचं वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला जाळून नवं भोक पाडतं. समोरासमोर एकेक टाका मारा आणि हात लावता येईल इतका पत्रा निवू द्या. घाई केली की तो तापून फुगतो, दाबला की टकटक वाजतो, आणि मग त्याला सरळ करणं डेंटरच्याही हाताबाहेर जातं.

पुष्कळ जण अख्ख्या फायरवॉलवर एक नवा पत्रा रिव्हेटने मारून मोकळे होतात. दिसतं छान. पण दोन पत्र्यांमध्ये ओल धरते आणि गंज आतून खातो, म्हणून मी तो सल्ला देणार नाही.

वेल्ड ग्राइंडरला लावलेल्या ६० नंबरच्या फ्लॅप डिस्कने हलक्या हाताने उतरवा, पत्रा निळा पडला तर थांबा. रात्री केबिनमध्ये बल्ब लावून बाहेरचा दिवा बंद करा. टाक्यांमध्ये सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतील, तिथे पुन्हा टाका मारा.

उघडा पत्रा मात्र रात्रभर ठेवायचा नाही. सकाळी लवकर घासायला सुरुवात करा, थिनरने पुसा, घामट हात लावू नका आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, दोन्ही बाजूंनी. नुसतं रेड ऑक्साइड इथे पुरत नाही. जोडांवर सीलर भरा. लांबी इपॉक्सीच्या वरच, दोन मिलिमीटरच्या आत, आणि ती कोरडीच घासा, कारण लांबी पाणी पिते. मग सरफेसर (रंगाआधीचा, घासून सपाट करायचा थर), ४०० चा पेपर आणि रंग. चकचकीत रंगात प्रत्येक लाट दिसते, हात बसला नसेल तर सॅटिन (कमी चमकीचा) निवडा.

जोडताना प्रत्येक वायर रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसणाऱ्या कडीतून) न्या, नाहीतर पत्र्याची धार तिला कापते. शेवटी काचेखाली दहा मिनिटं पाण्याची नळी सोडा आणि कुणाला तरी टॉर्च घेऊन पेडलपाशी बसवा. थेंब दिसला तर तिथला सीलर काढून पुन्हा भरा, मगच मॅट घाला.