एका सेमिस्टरसाठी स्टुटगार्टला येणाऱ्यांसाठी

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन राज्यांची २०१५ पासून भागीदारी आहे. बॉश आणि मर्सिडीज या इथल्या कंपन्यांमुळे पुणे-चाकणहून इंजिनिअरांची ये-जा कायमच चालू असते. त्यामुळे इथल्या ट्राममध्ये मराठी कानावर पडलं तर नवल वाटायला नको. त्यात दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात एक्स्चेंजवर आलेल्या मुलामुलींची भर पडते. मी इथेच संसार थाटला आहे, आणि यातली बरीच मुलं कधी ना कधी आमच्याकडे जेवायला येतात. तेव्हा त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. यातलं बरंचसं त्यांना निघण्याआधी कळायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

दोन वर्षांच्या मास्टर्सला आलेल्याचा एखादा महिना कागदपत्रांत गेला तरी पुढे भरून काढता येतो. तुमच्या हातात जेमतेम सहा महिने आहेत. म्हणून कोणतं काम कधी करायचं, हे तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. काही कामं घरी असतानाच उरकायची आहेत, काही पहिल्या दोन आठवड्यांत, आणि काही कामांची तारीख उलटली की ती होतच नाहीत.

घरी असताना करायचं पहिलं काम म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. इथे कोणते विषय घेणार, त्यांचे किती क्रेडिट आणि ते तुमच्या कॉलेजात कोणत्या विषयांच्या बदल्यात धरले जाणार, हे सगळं त्या कागदावर असतं. त्यावर तुमच्या विभागप्रमुखांची सही हवी. ‘परत ये, मग बघू’ या तोंडी आश्वासनावर विमानात बसू नका. इथले गुण १.० ते ५.० असे असतात. १.० सर्वांत चांगला, ४.० म्हणजे काठावर पास, त्यापुढे नापास. तुमच्या परीक्षा विभागातल्या माणसाने हे आकडे पूर्वी पाहिलेले असतीलच असं नाही. २.३ चं रूपांतर तुमच्याकडे कशात होतं, तेही आधी लेखी घेऊन ठेवा.

विषय निवडताना ते कोणत्या भाषेत शिकवले जातात ते बघा. इंग्रजीतले कोर्स बहुतेक मास्टर्सच्या पातळीवर आहेत, बॅचलरचं शिक्षण मुख्यतः जर्मनमध्ये चालतं. पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस (युरोपभर चालणाऱ्या पद्धतीचे) क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे सहा क्रेडिटच्या एका विषयाला दीडशे ते एकशे ऐंशी तास. आपल्याकडे एका सेमिस्टरला सहा-सात विषय असतात, त्या सवयीने इथेही तेवढेच निवडले जातात आणि डिसेंबरात दम लागतो. तुमचं कॉलेज चालवून घेत असेल तर चारच घ्या आणि नीट करा.

आता परीक्षांविषयी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हुशार मुलं इथेच अडकताना मी पाहिली आहेत. आपल्याकडे अंतर्गत गुण असतात, युनिट टेस्ट असतात, हजेरी असते, सबमिशन असतं. इथल्या बहुतेक व्याख्यानांना यातलं काहीच नसतं. वर्गात आलात काय, न आलात काय, कुणी विचारत नाही. आणि शेवटी एकाच परीक्षेवर सगळे गुण ठरतात. ऑक्टोबर ते जानेवारी कुणी हटकत नाही, म्हणून सगळं ठीक चाललं आहे असं वाटत राहतं. काही विषयांना दर आठवड्याला गणितं सोडवून द्यायची असतात आणि त्यात ठरावीक गुण मिळवल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. ही अट पहिल्याच तासाला सांगतात, बऱ्याचदा जर्मनमधून. कळली नसेल तर तास संपल्यावर जाऊन विचारा.

दुसरं, विषय घेतला म्हणजे परीक्षेचा फॉर्म आपोआप भरला गेला असं होत नाही. परीक्षेसाठी वेगळी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. हिवाळी सत्रात तिची मुदत साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते. ती चुकली तर प्राध्यापक कितीही भले असले तरी त्यांच्या हातात फारसं काही राहत नाही. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लगेच द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट परतीच्या तिकिटाची. व्याख्यानं फेब्रुवारीच्या मध्याला संपतात आणि लेखी परीक्षा त्यानंतर सुरू होतात, पार मार्चअखेरपर्यंत चालतात. स्वस्त मिळतं म्हणून १५ फेब्रुवारीचं तिकीट काढून येणारे असतात. तसं करू नका. तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या. शिवाय तुमच्या कॉलेजचं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं. तो पेच कसा सुटणार, हेही निघण्याआधी विभागात बोलून ठेवा. काही प्राध्यापक एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा आधी घेतात, पण त्यासाठी जानेवारीत नव्हे, ऑक्टोबरात विचारायचं असतं.

अभ्यासासाठी एक हक्काची जागा म्हणजे फाखशाफ्ट, त्या त्या विभागाच्या विद्यार्थ्यांची संघटना. जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे मिळतात. पहिल्या महिन्यातच त्यांच्या खोलीत जाऊन ओळख करून घ्या.

पैशांचं थोडक्यात सांगते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना या राज्यात सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. दोन विद्यापीठांच्या करारातून येणाऱ्यांना ती माफ असते. सेमिस्टरची किरकोळ वर्गणी मात्र भरावीच लागते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने रक्कम दाखवावी लागते. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं. पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट, विमा हे सगळं एकदम अंगावर येतं आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे इथलं खातं सुरू झाल्यावरच मिळू लागतात. तेवढ्या दिवसांची सोय वेगळी करून या. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण एका सेमिस्टरसाठी आलेल्याने नोकरीच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहण्यासाठी विद्यार्थी वसतिगृह मिळालं तर दुसरा विचार करू नका. स्टुटगार्ट विद्यापीठाचा मोठा भाग शहराच्या फाइंगेन भागात आहे, तिथेच वसतिगृहंही आहेत. विमानतळावरून एस-२ किंवा एस-३ ही लोकल थेट ‘उनिव्हर्सिटेट’ स्टेशनावर आणून सोडते. वसतिगृह मिळालं नाही आणि बाहेर खोली शोधावी लागली, तर खोली पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या कुणी पाहिल्याशिवाय, एक युरोही पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअर करतो’ म्हणणारा मालक फसवणारा असतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं.

खोलीत पाऊल टाकलं की चौदा दिवसांच्या आत ब्युर्गरब्यूरोत, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी कार्यालयात, पत्त्याची नोंद करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या किंवा वसतिगृहाच्या सहीचा एक फॉर्म लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून ती भारतात असतानाच ऑनलाइन बघायला लागा. बाकीची बरीच कामं या कागदावर अडून असतात.

त्याच दिवशी टपालपेटीवर आपलं नाव लावा. साधं वाटतं, पण फार महत्त्वाचं आहे. जर्मनीत अजून बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक असं सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. आलेलं प्रत्येक पाकीट उघडा. त्यात रेडिओ-टीव्ही वर्गणीचंही पत्र असेल, घरामागे महिना १८.३६ युरो. तुमच्याकडे टीव्ही नसला तरी ती लागू होते. एका घरात तिघे-चौघे राहत असाल तर एकानेच भरायची असते, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर दंड चढत जातो.

आरोग्यविम्याशिवाय विद्यापीठात प्रवेश पक्का होत नाही, आणि प्रवासविमा त्यासाठी पुरत नाही. तीस वर्षांखालच्यांना सरकारी पद्धतीच्या विमा कंपनीत विद्यार्थ्यांच्या दराने घेतात, महिन्याला साधारण दीडशे युरो. दातांची कामं घरूनच करून या. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. रात्री-अपरात्री ताप वगैरे आला तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवा.

बॅगेत काय भरायचं हा प्रत्येक आईचा प्रश्न. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी, पनीर यातलं काहीही बॅगेत घालू नका. कस्टम्समध्ये सापडलं तर जप्त होतं. कढीपत्त्यासारखा ताजा पालाही चालत नाही. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोरड्या चटण्या, पोहे हे आणा. तांदूळ, डाळी, कणीक इथल्या भारतीय दुकानांत मिळतात, आणि भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या तुर्की भाजीवाल्याकडे चांगल्या आणि स्वस्त मिळतात. कुकर आणायचा तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आणा. सामायिक स्वयंपाकघरात फोडणी करताना आधी खिडकी उघडा आणि खोलीकडचं दार लावा. धुराच्या अलार्ममुळे अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

शाकाहारी असाल तर मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, रोज काही ना काही मिळतं. इथल्या स्पेट्झलेत, म्हणजे जाडसर शेवयांत, अंडं असतं. माउलटाशेनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पुड्यांत, एरवी मांस असतं, भाजीचे वेगळे मागावे लागतात. मसुराची आमटी दिसली तरी विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा बेकन घालतात. जेली, गमी गोळ्यांत जिलेटिन असतं. पाणी नळाचं खुशाल प्या. पाण्या-सरबतांच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅन फेकू नका, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकले की बहुतेकांचे २५ सेंट परत मिळतात.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. रात्री दहानंतर आवाज नको. दार आपोआप लागतं, कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. थंडीत रोज दोन-तीन वेळा खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून हवा खेळती ठेवा, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते. खासगी घरात राहत असाल तर केरवोखेची, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची, पाळी येईल. ज्याचा आठवडा असेल त्याने जिना आणि घरासमोरची जागा झाडायची. श्वाबियातले, म्हणजे या भागातले, लोक हे फार मनावर घेतात. कुणी न सांगता पाळी पार पाडलीत तर शेजारी स्वतःहून बोलायला लागतील.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधारून येतं. दिवाळीही ऐन तासांच्या दिवसांत येते. या काळात मुलं खोलीत बसून तासन् तास घरी व्हिडिओ कॉल करतात. आईवडिलांचा जीव लागलेला असतो हे मला समजतं. पण आठवड्याचे दोन वार ठरवून घ्या आणि बाकीच्या संध्याकाळी बाहेर पडा. विद्यापीठाच्या खेळवर्गांत अगदी थोड्या पैशांत बॅडमिंटनपासून गिर्यारोहणापर्यंत सगळं आहे. नोंदणी सत्राच्या सुरुवातीला असते आणि जागा पटापट भरतात. जर्मन शिकणारा तुम्ही आणि इंग्रजी किंवा हिंदी शिकू पाहणारा कुणी जर्मन, अशी जोडी विद्यापीठ लावून देतं, तीही मागून घ्या.

फिरण्याबद्दल वेगळं सांगायला नको, ते सगळे करतातच. डॉइचलँडटिकिट २०२६ पासून महिना ६३ युरो आहे. त्यावर लोकल, बस आणि प्रादेशिक गाड्या देशभर चालतात, वेगवान आयसीई नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. दर शनिवार-रविवारी नवा देश गाठण्यापेक्षा ट्युबिंगेन, उल्म, हायडेलबर्ग, बोडेनझे तळं अशा जवळच्या जागा पाहा आणि एखादा शनिवार वर्गातल्या जर्मन मुलांबरोबर घालवा. मराठी घरं तुम्हाला इथे सापडतीलच, सणावाराला हक्काने या. पण रोजची उठबस फक्त आपल्याच मुलांत ठेवलीत तर जर्मन माणसाशी ओळख व्हायची राहून जाईल, आणि त्यासाठी नंतर वेळ नसतो.

परत जाताना पत्त्याची नोंद रद्द करा. हे काम निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं. रद्द केल्याचा कागद दाखवून विमा आणि रेडिओ वर्गणी थांबवा. डिपॉझिट बऱ्याचदा काही आठवड्यांनी परत येतं, तोवर इथलं बँक खातं बंद करू नका. खोली सोडताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि किल्ली दिल्याची लेखी पोच घ्या. गुणपत्रक तुम्ही गेल्यानंतरच तयार होतं आणि विद्यापीठाचा ईमेल काही काळाने बंद होतो. तेव्हा आंतरराष्ट्रीय विभागाला स्वतःचा खासगी ईमेल देऊन ठेवा, आणि मेअखेरपर्यंत गुणपत्रक आलं नाही तर त्यांना लिहा.