उभ्या छेदात आडवेच पडलेले बाण

समुद्राच्या संगणकी मॉडेलमधला ३०० किलोमीटर लांब, ५०० मीटर खोल उभा छेद. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या लायब्ररीच्या क्विव्हर फंक्शनने प्रवाहाचे बाण काढले, तर सगळे आडवे. पाणी वर येतंय हे आकड्यांत दिसत होतं, चित्रात नाही. आधी मॉडेललाच दोष दिला.

चूक साधी होती. आडवा वेग सेकंदाला ०.१ मीटर, उभा ०.०००१. म्हणजे दिवसाला साडेआठ मीटरच्या वर, खालचं पाणी वर येण्याचा चांगलाच वेग. पण बाणाला त्याचं काय! खोलीचा अक्ष मात्र मी ताणला होता. चित्र १२ इंच रुंद, ६ इंच उंच, म्हणजे उभं प्रमाण आडव्याच्या ३०० पट. मग उभ्या वेगालाही ३००ने गुणलं. आता बाण सतराएक अंशांनी उचलले जायला हवे होते.

पण ते खालीच वळले! खोलीचा अक्ष उलटा (खाली वाढणारा) आणि क्विव्हरचं अँगल्स सेटिंग ‘एक्सवाय’वर, म्हणजे बाणांची दिशा अक्षांवरून ठरणार, म्हणून बाणही उलटत होते. ते ‘यूव्ही’ केल्यावर, म्हणजे दिशा अक्षांवरून न ठरता फक्त वेगाच्या घटकांवरून ठरल्यावर, बाण वर वळले.

नकाशावर छेद तिरका होता, त्यामुळे पूर्व आणि उत्तर वेगांचा छेदाच्या दिशेतला घटकही काढावा लागला. वेगाचं माप दाखवणारा संदर्भबाण मी फक्त आडव्या वेगाचाच ठेवला आणि ३०० पट ताणल्याचं चित्राखाली लिहिलं.