'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड': वसाहत तापून मरू नये म्हणून

क्लेई एंटरटेनमेंट या कॅनडातल्या कंपनीचा हा संगणकावरचा खेळ जुलै २०१९ मध्ये पूर्ण रूपात बाजारात आला. लघुग्रहाच्या पोटात तीन ड्युप्लिकंट (खेळातली माणसं, थोडक्यात 'ड्युप'), मधोमध माणसं छापून देणारा एक प्रिंटिंग पॉड आणि चहूकडे दगड. नाव ऑक्सिजनचं असलं तरी नवख्याची वसाहत बहुधा गुदमरून जात नाही, उपाशी मरते. पिकं थांबतात म्हणून अन्न संपतं, आणि पिकं थांबतात कारण वसाहत हळूहळू तापत गेलेली असते. विसाव्या सायकलीला, म्हणजे खेळातल्या विसाव्या दिवशी, हे दिसत नाही. साठाव्या सायकलीला दिसतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

नागपूरकराची उन्हाळ्याची सवय इथे नेमकी उलटी पडते. नवतपा लागला, पारा ४५ च्या वर गेला की आपण कूलरमध्ये पाणी भरतो, वाळ्याच्या ताट्या ओल्या करतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवतो. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते, उरलेली गरम हवा बाहेर जाते. खेळात बाष्पीभवनाने काहीही थंड होत नाही, आणि सुरुवातीच्या काळात 'बाहेर' अशी जागाच हाताशी नसते. गरम हवा पंपाने दुसरीकडे ढकलली की ती जागा तापते, आणि काही सायकलींनी तीच उष्णता भिंतींमधून परत येते. उष्णता खरोखर नाहीशी करणारी साधनं मोजकी आहेत. त्यातलं भरवशाचं एकच, वाफेवर चालणारा स्टीम टर्बाइन. तिथे पोचेपर्यंत उष्णता कमी निर्माण करायची आणि झालेली एका कोपऱ्यात कोंडायची.

सुरुवात

पहिल्या खेळाला 'टेरा' हाच लघुग्रह घ्या. तिघांत एक संशोधनाचा, एक खोदकामाचा, एक बांधकामाचा. 'माउथ ब्रीदर' हा दोष असलेला घेऊ नका. तो दुप्पट ऑक्सिजन खातो. संडास, खाटा, हाताने फिरवायचा जनरेटर आणि संशोधन केंद्र ही पहिल्या दोन-तीन सायकलींची कामं. त्यावर जास्त डोकं चालवू नका.

हिशेब मात्र पाठ हवा. एक सायकल म्हणजे ६०० सेकंद. एक ड्युप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन घेतो, म्हणजे सायकलीला ६० किलो, आणि खातो १००० किलोकॅलरी. ऑक्सिजन डिफ्यूझर सेकंदाला ५५० ग्रॅम शेवाळ घेऊन ५०० ग्रॅम ऑक्सिजन देतो. एका यंत्रावर पाच जण जगतात, पण पूर्णवेळ चाललं तर सायकलीला ३३० किलो शेवाळ जातं. सुरुवातीच्या भागातलं शेवाळ संपणारच आहे, ते फक्त वेळ विकत घेण्यासाठी.

प्रिंटिंग पॉड दर तीन सायकलींनी नवा माणूस किंवा सामान देऊ करतो. माणूस घेतलाच पाहिजे असं नाही. आठावर थांबा; आठच का, ते पुढे इलेक्ट्रोलायझर या पाण्यातून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्रापाशी कळेल.

पीक कुठे लावायचं

मीलवुड हे पहिलं पीक. दर झाडाला सायकलीला १० किलो माती लागते, तीन सायकलींत ६०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे माणशी पाच झाडं, तिघांना पंधरा, आणि त्यांना सायकलीला १५० किलो माती. हे झाड १० ते ३० अंश सेल्सिअसमध्येच वाढतं. ब्रिसल ब्लॉसमची वरची मर्यादाही ३० च आहे, वर त्याला सायकलीला २० किलो पाणी आणि उजेड लागतो. पाणी कोमट असेल तर झाडाची कुंडीही तापते. 'हवा तर २६ अंश दाखवते, मग झाड का थांबलं?' याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यात असतं.

शेत यंत्रांपासून लांब ठेवा आणि यंत्रांच्या बाजूची भिंत इन्सुलेटेड टाइलची करा. एका टाइलला ४०० किलो दगड लागतो. त्यासाठी इग्नियस रॉक वापरा; ग्रॅनाइट दिसायला छान असला तरी उष्णता जास्त वाहून नेतो. सगळं शेत वेढण्याएवढा दगड सुरुवातीला नसतोच, म्हणून आधी फक्त यंत्रांकडची बाजू बंद करा.

खोदताना अ‍ॅबिसलाइट या दगडाचे थर फोडू नका. त्यातून उष्णता जवळजवळ जातच नाही, आणि निसर्गाने फुकट बांधून दिलेली ती भिंत आहे. पलीकडच्या गरम भागात जायचंच असेल तर एकच दार पाडा आणि ते बंद ठेवा.

वीज

कोळशाचा जनरेटर ६०० वॉट देतो, सेकंदाला एक किलो कोळसा खातो आणि ११० अंशांचा कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू जड, तळाला बसतो. म्हणून जनरेटर आणि बॅटऱ्या वसाहतीच्या तळाला, एका बाजूला. नवखे लोक त्या मधल्या मजल्यावर, संशोधन केंद्राशेजारी ठेवतात, कारण तार कमी लागते. वाचलेल्या तारेची किंमत पुढे पिकांच्या रूपात मोजावी लागते. स्मार्ट बॅटरी मिळाली की तिची ऑटोमेशन तार जनरेटरला जोडा: बॅटरी भरली की जनरेटर बंद. कोळसाही वाचतो, उष्णताही.

साधी तार १००० वॉटपर्यंत. एका तारेवर १२०० वॉटचं यंत्र लावलं की तार जळत राहते आणि ड्युप दिवसभर तीच दुरुस्त करत बसतात. जाड हेवी-वॉट तार २० किलोवॉट सोसते, पण ती टाइलमधून जात नाही आणि दिसायला इतकी कुरूप की लोकांचं मन खट्टू होतं. ती एका बाजूच्या गाळ्यात ठेवा आणि तिथून ट्रान्सफॉर्मरने फाटे काढा.

पाणी

फ्लशचा संडास दर वापराला ५ किलो पाणी घेतो आणि ११.७ किलो घाण पाणी देतो. म्हणजे संडास पाणी 'कमावतो'. वॉटर सिव्ह ते गाळून देतो, त्याला वाळू लागते. पण सिव्ह जंतू मारत नाही. गाळलेलं पाणी स्वयंपाकाकडे वळवलं की अन्नातून विषबाधा सुरू. ते परत संडासाला द्या, आणि जास्तीचं घाण पाणी टाकीत साठवा. थंडाव्याच्या नळीत तेच भरायचं आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात वापरलं जातं, हे ठाऊक असलेल्याला ही जोडणी ओळखीची वाटेल.

इलेक्ट्रोलायझर

सेकंदाला १ किलो पाणी, १२० वॉट वीज. बदल्यात ८८८ ग्रॅम ऑक्सिजन आणि ११२ ग्रॅम हायड्रोजन. ८८८ ला १०० ने भागा: आठ माणसं. हायड्रोजन जनरेटर सेकंदाला १०० ग्रॅमवर ८०० वॉट देतो. गॅस पंप सेकंदाला ५०० ग्रॅम ओढतो आणि २४० वॉट खातो. ऑक्सिजनला दोन पंप धरले तरी इलेक्ट्रोलायझरसकट ६०० वॉट होतात. म्हणजे हे युनिट आपली वीज आपणच काढतं.

खोली उंच ठेवा. हायड्रोजन छताला, ऑक्सिजन खाली; त्याप्रमाणे पंप. भोवतालचा दाब दर टाइलला १८०० ग्रॅमच्या वर गेला की यंत्र थांबतं. 'पाणी आहे, वीज आहे, तरी चालत नाही' असं झालं तर आधी दाब पाहा. बहुतेक वेळा हायड्रोजनचा पंप बंद असतो आणि त्यानेच खोली भरलेली असते.

खरी अडचण तापमानाची. ऑक्सिजन कमीत कमी ७० अंशांचा निघतो, पाणी कितीही थंड द्या. तो २५ पर्यंत आणायला सेकंदाला साधारण ४० हजार डीटीयू (खेळातलं उष्णतेचं एकक) काढावे लागतात. तोपर्यंतची सोय म्हणून ऑक्सिजनची नळी बर्फाळ भागातून फिरवून आणा. जाताना इन्सुलेटेड पाइप, बर्फात उष्णता पटकन सोडणारा रेडियंट पाइप, येताना पुन्हा इन्सुलेटेड. हा बर्फ वितळून संपतो, कायमचा उपाय नाही. तिथली व्हीझवर्ट ही हवा थंड करणारी रोपं उपटून आणली तर थोडी मदत होते. एका रोपाला सायकलीला ४ किलो फॉस्फोराइट लागतं.

टर्बाइनची पेटी

थर्मो अ‍ॅक्वाट्यूनर नळीतल्या द्रवाचं तापमान १४ अंशांनी उतरवतो आणि ती उष्णता स्वतःच्या अंगावर घेतो. भोवती वाफ असेल तर ती तापते, टर्बाइन १२५ अंशांच्या वरची वाफ ओढतो आणि ९५ अंशांचं पाणी परत देतो. मधला फरक खेळातून नाहीसा होतो.

टर्बाइनला ८०० किलो शुद्ध धातू आणि २०० किलो प्लास्टिक लागतं. अडतं ते प्लास्टिकपाशी. सुमारे ६७० किलो कच्च्या तेलातून रिफायनरीत ३३५ किलो पेट्रोलियम आणि त्यातून पॉलिमर प्रेसवर २०० किलो प्लास्टिक, असा हिशेब आहे. तेलाचा भाग तळाशी आणि गरम, म्हणून आधी अ‍ॅटमो सूट, म्हणजे ड्युपचा संरक्षक पोशाख. टर्बाइनपुरतं तेल मिळालं की तिथला रस्ता बंद करून टाका.

अ‍ॅक्वाट्यूनर कशाचा करायचा, यावर नवखे अडून बसतात, कारण सगळे पोलादाचाच करायला सांगतात. त्याला १२०० किलो धातू लागतो. एवढ्या पोलादासाठी ८४० किलो लोखंड, २४० किलो रिफाइंड कार्बन म्हणजे भट्टीत घालायला ३०० किलो कोळसा, आणि १२० किलो चुना. चुना जीवाश्मांतून काढला तर २४०० किलो जीवाश्म दळावे लागतात. आठ माणसांच्या वसाहतीला याची घाई नाही. पाण्यावर अ‍ॅक्वाट्यूनर सेकंदाला ५८५ हजार डीटीयू हलवतो. एका इलेक्ट्रोलायझरचे ४० हजार म्हणजे त्याच्या वेळेचा चौदावा भाग. इतक्या कामाला गोल्ड अमाल्गम या धातूच्या खनिजाचा अ‍ॅक्वाट्यूनर पुरतो. त्याची मर्यादा १७५ अंश. तो सतत चालवला तर वाफ १६५ च्या आसपास स्थिरावते आणि यंत्र त्याहून तापतं, तेव्हा मात्र पोलाद हवं.

बांधणीचा क्रम असा:

१. टर्बाइन पाच टाइल रुंद असतो. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच रुंदीची, दोन किंवा तीन टाइल उंचीची खोली इन्सुलेटेड टाइलने बांधा. अ‍ॅक्वाट्यूनर त्यात.
२. खोली बंद करून आतली हवा पंपाने पूर्ण काढा. ऑक्सिजन राहिला तर टर्बाइनची तोंडं अडवून बसतो.
३. आत दर टाइलला साधारण २० किलो पाणी सोडा आणि टर्बाइनचं बाहेर पडणारं पाणी पुन्हा त्याच खोलीत वळवा.
४. थंडाव्याच्या नळीत घाण पाणी भरा. साधं पाणी शून्याच्या किंचित खाली गोठतं, घाण पाणी उणे २० पर्यंत टिकतं.
५. नळीवर, अ‍ॅक्वाट्यूनरच्या तोंडापाशी, पाइप थर्मो सेन्सर लावा: २० अंशांच्या वर असेल तरच चालू. बंद असताना पाणी फिरत राहावं म्हणून ब्रिजने (नळीचा पूल) बगल द्या.
६. हीच नळी परत जाताना टर्बाइनच्या खोलीतून न्या. टर्बाइन स्वतः तापतो आणि १०० अंशांना बंद पडतो. त्या खोलीत थोडा हायड्रोजन सोडला तर तो लवकर थंड होतो.

सहावी पायरी गाळली की पेटी पहिल्या काही सायकली उत्तम चालते, मग टर्बाइन थांबतो, वाफ तापत जाते आणि अ‍ॅक्वाट्यूनर मोडतो.

नळी गच्च भरली तरी पाणी फिरायचं थांबतं. वर्तुळात एखादा तुकडा रिकामा ठेवा. उलट पाणी फार कमी असेल तर अ‍ॅक्वाट्यूनर दर वेळी १२०० वॉट खातो आणि अर्ध्या नळीएवढंच काम करतो. त्याला विजेचा स्वतंत्र फाटा द्या, आणि तो साध्या तारेचा नको.

संगणकाकडेही पाहा

प्रत्येक टाइलचं तापमान आणि वायू सतत मोजला जातो, म्हणून भार मुख्यतः प्रोसेसरवर येतो. नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर वेग उतरवतो आणि खेळ अडखळतो. उन्हाळ्याआधी पंखा साफ करून घ्या. बर्डीच्या बाजारात ते काम सहज होतं. खेळात जमिनीवर विखुरलेला माल डब्यांत भरा, प्राण्यांची संख्या आवरा, मोठ्या वसाहतीत तिसरा वेग टाळा. ऑटोसेव्ह प्रत्येक सायकलीच्या शेवटी ठेवा. डेस्कटॉपवर खेळत असाल आणि यूपीएस नसेल, तर लांब खोदकामाचा हुकूम देण्याआधी हाताने सेव्ह करा; लाइट गेली तर फार तर एक सायकल जाईल.