ग्रामीण महामार्ग आणि अपघात: अभ्यास करताना या चुका टाळा

बेळगाव, चिकोडी, निपाणी भागातली सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं दरवर्षी हा विषय प्रोजेक्टला घेतात. विषय गरजेचा आहे. पण त्याच त्या चुकांमुळे निष्कर्ष उलटे निघतात, आणि रस्त्याच्या कामात उलटा निष्कर्ष कुणाच्या तरी जिवावर बेततो. म्हणून स्पष्टच लिहितो.

ऊस तुटल्यावर वळण मोजणे

सगळ्यात मोठी चूक हीच. सबमिशन जवळ आलं की मोजमाप एप्रिलमध्ये उरकायचं. तोवर कारखाने बंद झालेले असतात, फड मोकळे झालेले असतात आणि वळणापलीकडचा फाटासुद्धा दिसतो. चिकोडी-रायबाग भागातल्या एका वळणावर एका गटानं असंच मोजलं आणि लिहून टाकलं, 'दृष्टी-अंतर पुरेसे', म्हणजे चालकाला पुढचा रस्ता पुरेसा लांबवर दिसतो. पोलिसांच्या नोंदीत मात्र तिथले बहुतेक अपघात श्रावण ते दिवाळी या काळातले. मुलांनी कारण दिलं, पाऊस.

मी म्हटलं, गणपतीच्या सुट्टीत परत जा. गेली. ऊस साईडपट्टीपर्यंत आलेला, दोन पुरुष उंच. एप्रिलमध्ये लांबून दिसणारी मोटारसायकल आता अगदी जवळ आल्यावर उसाआडून बाहेर पडत होती. शेजारच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं, "ऊस उभा असला की आम्ही पोरांना इथनं रस्ता ओलांडू देत नाही." गावाला ठाऊक असलेली गोष्ट अहवालात नव्हती.

हिशेब साधा आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाला रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस थांबण्यासाठी 120 मीटर दृष्टी-अंतर मागते. 200 मीटर त्रिज्येच्या वळणावर तेवढं दिसायला आतल्या लेनच्या मध्यापासून सुमारे 9 मीटर जागा मोकळी लागते. ऊस 5 मीटरवर आला की 90 मीटरसुद्धा धड दिसत नाही. म्हणजे तोच रस्ता ताशी 65 पुरताच उरला. डांबर तेच, त्रिज्या तीच, फलकही तोच. म्हणून मी प्रत्येक वळण तोडीआधी आणि तोडीनंतर असं दोन्ही वेळा बघायला लावतो. चालकाच्या डोळ्याची उंची 1.2 मीटर धरायची, म्हणजे ताठ उभं राहून मोजायचं नाही. "सर, एकदाच जाऊन चालेल का?" नाही चालणार. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

दिसेल असं उभं राहून वेग मोजणे

तवंदी घाटाच्या उतारावर नारिंगी जाकिटं घालून, स्पीडगन रोखून उभं राहिलात तर ट्रकवाले तुम्हाला पोलीस समजणार. समोरच्याला लाईट मारून सावध करणार, आणि तुम्हाला आदर्श वेग मिळणार. स्टॉपवॉचचं तर बोलूच नका. 30 मीटरचं अंतर ताशी 80 ला 1.35 सेकंदात संपतं. बोट 0.2 सेकंद उशिरा पडलं की 80 चे 70 होतात. मी 100 मीटरवर दोन खुणा करतो आणि आडोशाला मोबाईल ठेवून व्हिडिओ घेतो. पुढच्या गाडीच्या मागे अडकलेल्या गाड्या वगळतो, कारण त्यांचा वेग वळणानं ठरवलेला नसतो, पुढच्या ट्रॉलीनं ठरवलेला असतो. एवढी काटेकोरी कशाला? स्वीडनचे रस्ता-सुरक्षा संशोधक गोरान निल्सन यांच्या सूत्रानुसार सरासरी वेग 5 टक्के घटला तर प्राणघातक अपघात साधारण 18 ते 20 टक्के घटतात. वेगात छोटी चूक केलीत की पुढचं सगळं गणित कोसळतं.

एका वाईट वर्षावरून उपाय जोखणे

केंद्राच्या व्याख्येत राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातप्रवण ठिकाण. तीन वर्षं उगाच घेतलेली नाहीत. सर्वांत वाईट वर्ष निवडून तिथे रंबलर (वेग कमी करायला लावणारे उंच पट्टे) टाकले, तर पुढच्या वर्षी आकडा बहुधा आपोआपच खाली येतो, कारण तेवढं वाईट वर्ष योगायोगाचंही असतं; आणि श्रेय रंबलरला जातं. कॅनडाचे रस्ता-सुरक्षा संशोधक एझ्रा हाउअर यांनी या भ्रमावर आयुष्यभर काम केलं. आपल्याकडे त्यात हंगामाची भर पडते. 'आधी'चे आकडे गळीत हंगामातले, डबल ट्रॉलींच्या गर्दीतले, आणि 'नंतर'चे मे महिन्यातले. अशी तुलना मी वाचतसुद्धा नाही. जानेवारीची तुलना जानेवारीशी, आणि शेजारचा, काहीच न बदललेला रस्ता सोबत हवाच.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या कागदांतला महामार्ग 4 म्हणजेच आताचा 48, आणि खानापूरवरून गोव्याला जाणारा 4ए म्हणजे 748. हे वेगळे रस्ते धरू नका.

फक्त दिवसा पाहणी करू नका. परावर्तक नसलेली ट्रॉली रात्रीच कळते.

साईडपट्टी डांबरापेक्षा किती खाली आहे ते पट्टी लावून मोजा, नजरेनं नको.

एफआयआर कन्नडमध्ये असते, आणि तिच्यात बहुतेकदा 'भरधाव व निष्काळजीपणे' एवढंच असतं. ते कायद्याच्या कलमापुरतं आहे, ते अपघाताचं कारण म्हणून तक्त्यात भरू नका. कन्नड नीट वाचणारा मित्र सोबत घ्या आणि घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा मागा. गाडी कुठून वळत होती आणि ब्रेकच्या खुणा कुठे सुरू झाल्या, हे तिथेच सापडतं.