लिनक्सवर वायफाय दिसत नाहीये? आधी चिपचा नंबर काढा

जुना लॅपटॉप घेतला, हौसेनं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि वायफायचं चिन्हच गायब, की बरेच जण लगेच ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) शोधून कुठलीतरी झिप उतरवत बसतात. ते नका करू. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, नाहीतर उबुंटूच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यात.

पहिलं म्हणजे टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) आरएफकिल लिस्ट मारा (कमांड सगळ्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत). सॉफ्ट ब्लॉक्डपुढे येस दिसलं तर सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल, हार्ड ब्लॉक्ड असेल तर लॅपटॉपवरचं वायफायचं बटण बघा. कधीकधी एवढंच असतं.

नसेल तर एलएसपीसीआय, स्पेस, डॅश एनएनके. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकटी कंसात नंबर येतो, १४ई४ ने सुरू झाला तर ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाहीये.

आता नेट नाही तर ड्रायव्हर आणायचा कसा? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा, फोन घरच्या वायफायवर असला तरी चालतं, मोबाईल डेटा जात नाही. फक्त केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची असेल तर काही होणार नाही.

इंटेलला बहुतेकदा लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट केलं की काम होतं. रिअलटेकची ८८२१सीई असेल तर तिचा ड्रायव्हर कर्नल ५.९ पासून आतच आहे, युनेम, स्पेस, डॅश आर मारून व्हर्जन बघा, जुनं असेल तर कर्नलच अपडेट करा.

खरी डोकेदुखी ब्रॉडकॉमची. बीसीएम ४३१४२ सारखी चिप असेल तर सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी इन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतं, तो लिहून ठेवा, कारण रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो, तिथे एन्रोल एमओके, कंटिन्यू, येस, आणि तोच पासवर्ड. घाबरून किंवा घाईत तो स्क्रीन सोडला तर ड्रायव्हर इन्स्टॉल दिसतो पण लोड होत नाही आणि आपण उगाच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो! हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी परत बिल्ड होतो, म्हणजे नव्यानं तयार होतो, त्यामुळे बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर गुरुवारी सकाळी अपडेट मारू नका, पुण्यात गुरुवारी लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

एवढ्यानंही जमलं नाही तर पुण्याच्या तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन वायफायचं यूएसबी डाँगल घ्या, पण बॉक्सवरचं व्हर्जन बघून. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन मध्ये व्हर्जन १ ला अथेरॉसची चिप आहे, ती लावली की चालते, पुढच्या व्हर्जनला रिअलटेकची, नाव मात्र तेच. दुकानदाराला 'लिनक्सवर चालेल का' विचारू नका, तो हो म्हणणारच.