गेटमध्ये मार्क कमी पडले? शिमग्यापासून फेब्रुवारीपर्यंतची आखणी

गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर एम.टेक. वगैरेसाठी फेब्रुवारीत होणारी परीक्षा. तिचा निकाल मार्चच्या मध्याला लागतो, म्हणजे कोकणात नेमका शिमग्याच्या आसपास. पालखी दारात, चाकरमानी घरात आणि जो तो विचारतोय, "मग, किती पडले?" या गडबडीत दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एकतर पुढच्या वर्षी जोर लावायचं ठरतं, नाहीतर आठवडाभरात नव्या क्लासची फी भरून होते. दोन्ही घाईचं. मार्क कुठे गेले हेच माहीत नसेल तर जोर लावायचा कुठे? ते सांगणारा कागद तुमच्याच खात्यात असतो: गोप्स या गेटच्या अर्जाच्या पोर्टलवरची रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही दिलेल्या उत्तरांची नोंद. ती, अंतिम उत्तरसूची आणि प्रश्नपत्रिका उतरवून छापून घ्या.

आता चुकलेले आणि सोडलेले प्रश्न पुन्हा सोडवा. घड्याळ नाही, वही नाही, उत्तरसूचीही बंद. जे आता सहज सुटले ते घाईत किंवा नीट न वाचल्याने गेले. जे नंतर वही उघडून सूत्र बघितल्यावर सुटले ते उजळणीअभावी गेले. सूत्र समोर असूनही अडले ते मुळात कच्चे. हे झाले तीन ढीग. चौथा ढीग ठोकून दिलेल्या उत्तरांचा. या कामाला दोन संध्याकाळी लागतात आणि पुढचे दहा महिने त्यावर ठरतात. बहुतेकांना वाटतं की आपला तिसरा ढीग मोठा आहे, म्हणून ते पहिल्या लेक्चरपासून सगळा अभ्यासक्रम पुन्हा ऐकायला घेतात. मोजल्यावर पहिले दोन ढीगच फुगलेले निघाले, तर नवीन लेक्चरांनी काहीच बदलणार नाही.

ठोकलेल्या उत्तरांचा हिशेब एकदा कागदावर करावा. एक मार्काचा एमसीक्यू (चार पर्याय, एकच बरोबर) चुकला की १/३ जातो, दोन मार्कांचा चुकला की २/३. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी फायदा शून्य. एक पर्याय खात्रीने बाद केला तर एक मार्काच्या प्रश्नामागे सरासरी १/९ पदरात पडतो, दोन बाद केले तर १/३. म्हणून दोन बाद झाले तर खूण करा, एकही बाद होत नसेल तर पुढे चला. एनएटी म्हणजे आकडा टाकायचे प्रश्न आणि एमएसक्यू म्हणजे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न, यांना निगेटिव्ह नाही, ते कोरे ठेवणं म्हणजे आयती संधी सोडणं. पण एमएसक्यूला अर्धे मार्कही नाहीत. सगळे बरोबर पर्याय आणि एकही चूक नाही, तरच मार्क. त्यामुळे अर्धवट येणाऱ्या एमएसक्यूवर पाच मिनिटं घालवू नयेत. शेवटच्या फेरीत जे वाटेल ते टिक करून मोकळं व्हावं.

एक मार्क किती मोलाचा, तेही बघा. गेट स्कोअर मार्कांवरून निघतो: खुल्या गटाच्या पात्रता गुणांना ३५०, आणि वरच्या ०.१ टक्के किंवा पहिल्या १० जणांच्या (जी संख्या मोठी असेल त्यांच्या) सरासरीला ९००. समजा पात्रता गुण २८ आणि वरची सरासरी ८२ आहे. मग मधल्या ५४ मार्कांत ५५० स्कोअर बसतो, म्हणजे मार्कामागे साधारण १०. या हिशेबाने ४१ मार्कांना ४८२ येतो आणि ५३ मार्कांना ६०५. फरक फक्त बारा मार्कांचा. दोन मार्कांचे सहा एमसीक्यू चुकले असतील तर चार मार्क तर निव्वळ निगेटिव्हमध्येच गेलेले असतात.

स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, संगणक या पेपरांत १०० पैकी १५ मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, १३ गणिताचे आणि ७२ मुख्य विषयांचे. पहिले २८ मार्क दुसऱ्या प्रयत्नात सगळ्यात स्वस्त पडतात, आणि अ‍ॅप्टिट्यूड 'येतंच की' म्हणून सोडून दिलेलं असतं. रोज पाऊण तास, आलटून पालटून, जूनपर्यंत हे दोन भाग हातावेगळे करावेत.

यंदा एकच वही नवीन घ्या, चुकांची. नोट्स पुन्हा उतरवत बसू नका, त्याने अक्षर सुधारतं, मार्क नाही. या वहीत उत्तर लिहायचं नाही, चुकीचं वळण लिहायचं. स्थापत्यचं उदाहरण घेऊ. खाडीकाठी असते तशा चिकणमातीचा ६ मीटर जाड थर, वर वाळू, खालीही वाळू. ५० टक्के कन्सॉलिडेशनला (भाराखाली पाणी निघून माती दबण्याला) किती काळ लागेल? सीव्ही (दबण्याच्या वेगाचा गुणांक) वर्षाला २ चौरस मीटर, टीव्ही (सूत्रातला काळाचा गुणांक) ०.१९७. पाणी दोन्ही बाजूंनी निघतं, म्हणून निचऱ्याचा मार्ग ३ मीटर: ०.१९७ गुणिले ९, भागिले २, म्हणजे ०.८९ वर्ष. घाईत ६ मीटर धरले की उत्तर ३.५५ येतं, बरोबर चौपट, कारण मार्गाचा वर्ग होतो. वहीत एवढंच लिहा: "खालचा थर वाचला नाही. खाली वाळू असेल तर जाडी अर्धी." समोर तारीख घाला आणि तोच प्रश्न ३, १० आणि ३० दिवसांनी पुन्हा सोडवा. तिन्ही वेळा सुटला की काट मारा. वही जाड होत गेली तर घाबरू नये, ऑक्टोबरनंतर ती बारीक व्हायला हवी.

वेळापत्रक मात्र दिल्ली-हैदराबादच्या क्लासचं उचलू नका, इथला पाऊस त्यांनी बघितलेला नाही. नोकरी सांभाळून रोज २ तास आणि रविवारी ५ धरले तर आठवड्याला १७. एप्रिल ते जानेवारीअखेर साधारण ४३ आठवडे, त्यातून आंबा, लावणी, गणपती आणि भातकापणी यांचे मिळून पाच वजा करा. उरतात साडेसहाशे तासांच्या आसपास. घरची बाग असेल तर एप्रिल-मे पेट्या भरण्यात जाणारच. त्या काळात अवघड विषय काढू नका, अ‍ॅप्टिट्यूड आणि गणित पुरे.

मृगाआधीची दोन कामं विसरायची नाहीत. लागतील ती एनपीटीईएलची (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन) लेक्चर्स मे महिन्यातच उतरवून ठेवा. जुलैत झाड पडून लाईन तुटली की वीज आणि रेंज सोबतच जातात. आणि मागच्या १५ वर्षांचे पेपर झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट छापून घ्या. पुस्तकांना ओल लागून बुरशी येते, तेव्हा कागद झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात राहू दे. लावणी उरकल्यावर गणपतीपर्यंतचा पावसाळा मुख्य विषयांसाठी उत्तम. बाहेर जायचं तर कुठे? एका वेळी दोनच विषय घ्या, आणि विषय वाचून झाला की त्याच आठवड्यात त्यावरचे जुने प्रश्न.

फॉर्म साधारण ऑगस्टअखेर सुटतो आणि सप्टेंबरात बंद होऊ लागतो, म्हणजे ऐन गणपतीत. दाखले लागणार असतील तर जुलैतच सेतूत जाऊन या. ओबीसी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला आणि नॉन-क्रिमीलेअरचा लागतो, कॉलेजला दिलेला राज्याचा चालेलच असं नाही.

भातकापणी झाली की पूर्ण सराव परीक्षा. नोव्हेंबरात आठवड्याला एक, डिसेंबरपासून दोन, आणि परीक्षेच्याच वेळेला: सकाळी ९:३० ते १२:३० किंवा दुपारी २:३० ते ५:३०. रात्री जेवून दिलेली परीक्षा धरू नये. तीन तासांच्या परीक्षेमागे तीन तासांची चिरफाड हवी, पुन्हा तेच चार ढीग घालून. हातातला कॅल्क्युलेटर आजपासून कपाटात टाका. परीक्षेत पडद्यावरचा असतो, तो माउसनेच चालतो, आणि साइन किंवा लॉग काढताना आकडा आधी टाकून मग बटण दाबावं लागतं. डिग्री-रेडियनची खूण बघायची सवय लावा. या सवयीने ६५ प्रश्नांत बराच वेळ वाचतो.

दरम्यान यंदाचा स्कोअर रद्दीत घालू नका. तो तीन वर्षं चालतो. पात्र असाल आणि एआयसीटीई मान्यतेच्या कॉलेजात एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर महिना १२,४०० रुपयांच्या शिष्यवृत्तीसाठीही तोच लागतो.

केंद्र घाटावरचं, समजा कोल्हापूर, आलं तर आंबा घाट किंवा करूळ घाट पहाटे चढून परीक्षा गाठायचा विचारही नको. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने निघा, संध्याकाळी केंद्राचं गेट बघून या, आणि बॅगेत चुकांची वही तेवढी राहू दे.